मला अजून जमत नाही

सोमवारी दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला तो रस्ता चुकूनच. त्याला जायचं होतं स्टोअरमध्ये, आणि कोलशेतच्या आमच्या कारखान्यात स्टोअर पहिल्याच दिवशी सापडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी काळ्या पडद्यासमोर कपाळाला हात लावून बसले होते.

"काय झालं, मॅडम?"

"माऊसच चालत नाही. नवा सर्व्हर म्हणे! ड्रॉइंगच्या फाइली कुठे गेल्या, देव जाणे."

"त्या आहेत तिथेच आहेत. आधी आपण कुठे आहोत ते विचारा. pwd लिहा."

"पीडब्ल्यूडी? रस्ते खोदणारे?"

तो हसला... दमलेला माणूस हसतो तसा, अर्धाच. हा मुकुल. बाळकुमचा. सर्व्हर बसवायला आलेला, शनिवारपर्यंतच.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी. ls लिहिलं की फोल्डरमध्ये काय काय आहे ते दिसतं. cd आणि फोल्डरचं नाव, की आत. cd पुढे स्पेस देऊन दोन टिंबं, की एक पायरी मागे. mv लिहिलं की फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात. "घाई नको. एका वेळी एकच दार," तो लाल डोळे चोळत म्हणायचा. दोन-दोन कारखाने सांभाळत होता बिचारा. आणि मी? तेहतिसावं सरत आलेलं, दर रविवारी डोंबिवलीच्या घरी नवं स्थळ, पाहुण्यांसमोर हसून हसून गाल दुखायचे. त्याच्याजवळ हसावं लागत नव्हतं, आणि तरी हसू यायचं.

मंगळवारीच मला सगळं येऊ लागलं. पण तोंडातून निघालं, "मला अजून जमत नाही..." बुधवारी तेच. गुरुवारीही तेच.

शुक्रवारी तो म्हणाला, "एक शेवटचं. history लिहा."

लिहिलं, आणि माझे कान तापले. मी आठवडाभर दिलेली प्रत्येक कमांड पडद्यावर रांगेने उभी! सकाळी लवकर येऊन एकटीने लावलेली दोन वर्षांची ड्रॉइंग, एकही चूक नाही. आणि दुपारची सोंगं. थकल्या माणसाची विश्रांती मी खोटं बोलून खाल्ली होती.

"रागावलात?"

"मी मंगळवारीच पाहिलेलं हे."

"मग रोज का आलात?"

"दिवसभरात इथेच जरा बरं वाटतं... म्हणून."

उद्या तो जाणार होता. आज बोलले नाही तर पुन्हा रविवार, पुन्हा पोहे.

"मुकुल, मला तू आवडतोस. रविवारच्या स्थळाला मी नाही म्हणून कळवतेय. तू येशील घरी?"

"येईन," तो म्हणाला. मग हळूच, "पण खूप दमलोय गं. नीट बोलता नाही येणार."

"नको बोलूस."

सुट्टी संपायला बारा मिनिटं होती. तो खुर्चीतच डोळे मिटून झोपला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी दबक्या आवाजात सांगत राहिले, "श्श... शिकवणी चालू आहे."