सदस्याला दाखवा

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातात, रुमालात गुंडाळलेला, स्वतःचाच अर्धा दात.

"हा परत लागेल का?" त्याने रुमाल माझ्यापुढे धरला.

"तुम्ही बसा आधी. दाताचं मग बघू."

मी दातांची डॉक्टर. माझा दवाखाना म्हणजे एक खुर्ची, एक मदतनीस ताई आणि भिंतींत मुरलेला लवंगेच्या तेलाचा वास. खुर्चीतल्या माणसाला बोलता येत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं सुख. कारण उरलेला वेळ माझा अशा माणसांत जातो जी बोलायची थांबतच नाहीत. माझा दादा इंटरनेटवर सायकलवाल्यांचा एक चर्चाकट्टा चालवतो. चार हजार सदस्य, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या तीन हजार नऊशे नव्याण्णव जणांना सायकलीतलं काही कळत नाही. तिथली भांडणं सोडवायचं काम माझं. कट्ट्यावर माझं नाव 'शिट्टी'. शिट्टी म्हणजे कुणी निवृत्त पीटी मास्तर असावेत असा सगळ्यांचा समज आहे, आणि मी तो कधी मोडला नाही.

"पडलात कसे?" मी भुलीचं इंजेक्शन भरत विचारलं.

"रागाने."

"म्हणजे?"

"आमचा सायकलवाल्यांचा एक कट्टा आहे, ऑनलाइन. तिथे काल एका बाईंनी विचारलं, मी साठाव्या वर्षी सायकल शिकतेय, आधी कुठला ब्रेक दाबू? तर लोक फिदीफिदी हसायला लागले. आजी, आधी विमा काढा, वगैरे. मी त्यांना दोन शब्द सुनावले. आणि आज सकाळी शिट्टी नावाच्या एका इसमाने मलाच सात दिवस बाहेर काढलं." तो म्हणाला, "येताना सायकलवर मनातल्या मनात त्याला उत्तर लिहीत होतो. चौथ्या ओळीला खड्डा आला."

माझा हात जागच्या जागी थांबला. म्हणजे हा 'खडखड'. कट्ट्यावरचा सगळ्यात तापट प्राणी. सकाळी गॅसवर दूध ठेवून, एका हाताने चमचा ढवळत मी याच्यावर बंदी घातली होती. त्याचे ते 'दोन शब्द' चांगले अकरा होते, आणि त्यातले चार आईसमोर वाचता येणार नाहीत असे. शिवी दिली की सात दिवस बाहेर, मग बाजू कुणाचीही खरी असो. हसणाऱ्यांनाही मी बाहेर काढलं होतं, पण ते याला दिसणार कुठून...

"आ करा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आमच्या कट्ट्यावर प्रत्येक सदस्याच्या नावामागे एक नोंदवही असते. कुणाला कधी, का समज दिली ते त्यात लिहायचं, म्हणजे मी नसले तर दादाला कळतं. त्या संध्याकाळी मी खडखडच्या वहीत लिहिलं: 'सात दिवस बाहेर. भाषा वाईट, बाजू बरोबर.' थोडा वेळ बसून राहिले आणि पुढे जोडलं: 'आज हा माझ्याच खुर्चीत बसून गेला. समोरचा दात. नियमाने माझं काही चुकलं नाही. तरी जीवाला लागलंय.'

अशा मनातल्या गोष्टी नोंदवहीत लिहू नयेत, हे मला कळत होतं. पण दादा त्या कधी वाचत नाही.

पुढच्या आठवड्यात तो दाताचं माप द्यायला आला. बाहेर पाऊस झिमझिमत होता. त्याने हेल्मेट दाराबाहेर झटकलं, बूट पुसले, ताईंना "येऊ का?" विचारलं. कट्ट्यावर दारं तोडून येणारा माणूस प्रत्यक्षात पायपुसण्यावर तीन वेळा पाय पुसतो, हे बघून मला हसू आलं.

"डॉक्टर, तुम्ही सायकल चालवता?"

"नाही. येतच नाही मला."

"मग चेनला कुठलं तेल लावता, हे मगाशी का विचारलंत?"

"पेशंटला बोलतं ठेवावं लागतं."

"बोलतं ठेवता आणि तोंडात कापूस कोंबता?" तो माझ्याकडे टक लावून बघत होता. "तो शिट्टी पण असाच. एकदा समोर आला ना, तर चांगला..."

"चांगला काय?"

"काही नाही. कान लाल झालेत तुमचे. उकडतंय का?"

शिट्टीचं नाव निघालं की तो दातओठ खायचा. आणि त्यातला एक दात मी बसवत होते. आज सांगू, आता सांगू, असं करत मी प्रत्येक वेळी आरसा उचलून त्याचं तोंड उघडायला लावायचे. कारण भीती एकच होती. जिच्यामुळे आपला दात पडला, तिच्याच हातून आपण तो बसवून घेतोय हे कळलं, की हा खुर्चीतून उठेल, हेल्मेट घेईल आणि पुन्हा या दारात दिसणार नाही. आणि तो दिसायला हवा होता. आठवड्यातून एकदा तरी.

तिसऱ्या खेपेला कॅप बसली. रंग जुळला, चावा जुळला, काम संपलं.

"झालं?" त्याचा चेहरा पडला.

"झालं... म्हणजे तसं झालंच. पण गुरुवारी एकदा येऊन जा. चार वाजता. चावा तपासायला."

"आत्ताच तपासलात ना?"

"परत तपासायचा असतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं त्या माझ्याकडे आहेत; चावा परत तपासायला मी कधी कुणाला बोलावल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. मी औषधांच्या कपाटात उगीचच काहीतरी शोधायला लागले.

संध्याकाळी वहीत लिहिलं: 'खडखडने साठीच्या बाईंना ब्रेकचं चित्र काढून पाठवलं. दोन्ही ब्रेक, एकाच वेळी, हळू. वागणूक उत्तम.' आणि खाली: 'याचं काम आज संपलं. तरी गुरुवारी बोलावलंय. कारण काही नाही. हसला की छान दिसतो. हे वैद्यकीय मत नाही.'

गुरुवारी दुपारी दादाचा फोन आला.

"तू नोंदी लिहितेस ना, त्याखाली खूण करायची एक चौकट आहे. 'सदस्याला दाखवा' अशी."

"असेल. ती रिकामीच असते."

"असायची. दीड महिन्यापूर्वी नवीन सॉफ्टवेअर टाकलं तेव्हापासून ती आपोआप भरलेली येतेय. प्रत्येक नोंद त्या त्या सदस्याला मेलने जातेय." दादाने खोल श्वास घेतला. "तुझी वहिनी सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. 'सायकलच्या घंटीचा विषय निघाला की हिच्या अंगात येतं,' हे तूच लिहिलंस ना?"

ते मीच लिहिलं होतं. कट्ट्यावर पाच नंबरचा नियम आहे, फक्त आम्हा दोघांपुरता: आपल्या माणसाच्या भांडणात शिट्टी वाजवायची नाही. म्हणून वहिनीची सगळी भांडणं दादाऐवजी माझ्याकडे असतात.

पण माझं लक्ष वहिनीकडे नव्हतं. मी खडखडची वही उघडली. सहा नोंदी. सहाही चौकटी भरलेल्या. आणि प्रत्येकीपुढे एक बारीक शब्द: वाचली. पहिली तर त्या पहिल्याच संध्याकाळी.

जीवाला लागलंय, बाजू बरोबर, छान दिसतो... देवा, सगळं वाचलंय याने.

चार वाजले. सव्वाचार झाले. ताई म्हणाल्या, "त्यांचं रद्द धरू का?" मी म्हटलं, "धरा." मग म्हटलं, "थांबा जरा." चार वाजून पंचवीस मिनिटांनी दार ढकलून तो आत आला, हात काळे, कपाळावर घाम.

"पंक्चर," तो म्हणाला. "या वेळी राग नव्हता."

तो खुर्चीत बसला. मी सवयीने आरसा उचलला. "आ करा."

"नाही. आ केलं की मला बोलता येत नाही."

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं.

"शिट्टी तुम्ही आहात."

"...हो."

"पहिल्या दिवसापासून माहितीये."

"मग तिला इथे बसून शिव्या का घालत होतात?"

"तुम्ही कधी कबूल करता ते बघत होतो. शिवाय तुमचे कान लाल होतात."

"राग नाही आला?"

"आला की. मेल उघडला तोच भांडायचं म्हणून." त्याने काळे हात रुमालाला पुसले. "आणि वाचलं, भाषा वाईट, बाजू बरोबर. मला आजवर लोकांनी एक तर हे सांगितलं, नाहीतर ते. दोन्ही एका दमात कुणी सांगितलं नव्हतं. राग तिथेच संपला."

मी स्टुलावर बसले. महिनाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. मास्कमुळे त्याला त्यातलं अर्धंच दिसत होतं.

"डॉक्टर, एक विचारू? 'हे वैद्यकीय मत नाही,' म्हणजे मग कसलं मत?"

मी स्वच्छ आरसा पुन्हा पुसायला घेतला.

"बरं, माझं सांगतो. मला तुम्ही आवडता. वाटेत सात वेळा मनात लिहून बघितलंय, शिवी एकही नाही. बंदी घालायची असेल तर आजच घाला."

दिवसभर लोकांना आ करायला लावणारी मी, ऐन वेळी मलाच भूल दिल्यासारखं झालं. मी खुर्ची फिरवली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर त्याची वही उघडली. लिहिलं: 'सदस्य खडखड. यापुढे याची भांडणं दादाने बघावीत. मला बघता येणार नाहीत. नियम पाच.'

खालची चौकट आपोआप भरून आली होती. ती खूण मी काढली. आणि मग माझ्या हाताने परत केली.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने वाचलं, परत वाचलं.

"नियम पाच काय आहे?"

मी मास्क खाली केला. "आपल्या माणसाच्या भांडणात शिट्टी वाजवायची नाही."

तो बघतच राहिला. "आपला माणूस... म्हणजे मी?"

"दादा फार कडक आहे हां. मी सात दिवस द्यायचे, तो पंधरा देतो."

"देऊ दे. तेवढ्या वेळात तुला सायकल शिकवतो."

तुला, म्हणाला. बाहेरून ताईंनी विचारलं, पुढच्या पेशंटला पाठवू का? मी म्हटलं, दोन मिनिटं, चावा तपासतेय. त्यावर तो हसला, अगदी सगळे दात दाखवून. कॅपचा रंग खरंच छान जुळला होता.