सांता मेलानियाचा पहिला नियम

"हॉर्न दोनदा वाजला! ऐकलंत का तुम्ही?"

प्रतीक्षा कुंपणापलीकडे उलट्या बादलीवर उभी होती. अलीकडे मिताली आणि तिचा भाऊ अवधूत गवतावर लॅपटॉप घेऊन बसले होते. लॉकडाऊनमध्ये एकमेकांच्या घरी जायला बंदी होती, कुंपणाला नव्हती. त्यामुळे सप्टेंबरची सगळी सुट्टी ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलच्या त्या लाकडी कुंपणावरच चालली होती.

"एकदाच वाजला," अवधूत म्हणाला. "रिसायकलिंगचा ट्रक आहे. कुणीतरी गाडी कचऱ्याच्या बिनच्या आडवी लावलीय."

"अरे, एकदा रस्त्यावरून आणि लगेच एकदा लॅपटॉपमधून! मी म्यूट, तुम्ही म्यूट, चंद्रहासकाका म्यूट. माईक फक्त रोसाउराचा चालू आहे!"

अवधूतने लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर तपकिरी नदीचा फोटो होता आणि वर चंद्रहासकाकांची लाल अक्षरं: थेट अमेझॉनहून!

मराठी मंडळाच्या चंद्रहासकाकांनी मुलांसाठी सुट्टीत रोज सकाळी दहाला एक ऑनलाइन सफर ठेवली होती. पेरू देशातल्या सांता मेलानिया या छोट्या गावातली रोसाउरा तिचं गाव दाखवायची. ती इंग्रजीत बोलायची. कॅमेरा बंद, नुसता आवाज आणि फोटो. तिच्या गावी कुणी पर्यटक जात नाही. बोटी तिथे वीस मिनिटं थांबतात आणि पुढच्या मोठ्या गावाला निघून जातात. म्हणून आमच्या गावी कसं यायचं, ते मीच सांगते, असं तिने सोमवारी सांगितलं होतं. अडीच दिवसांचा प्रवास. बोटीत झोपायची झोळी इंजिनापासून लांब बांधायची. बाजार पहाटे पाचला भरतो, सातला उठतो. शाळेच्या भिंतीवर प्रत्येक वर्षीच्या पुराची रेघ आहे. मुलं त्या रेघांना पाठ लावून आपली उंची मोजतात.

आणि गावाचा पहिला नियम. "धक्क्यावर उतरलात की आधी कुणाला तरी आपलं नाव सांगा. म्हणजे उद्या तुम्ही दिसला नाहीत, तर कुणीतरी विचारेल."

आज मात्र रोसाउरा नीट बोलतच नव्हती. "ही आमची... पाण्याची टाकी..." मग थांबायची. "माझ्या खिडकीत... ऊन आलंय... जरा..." आणि आवाज बंद झाला.

काकांचा चेहरा पडद्यावर आला. "मुलांनो, अमेझॉनचं नेटवर्क आहे, चालायचंच! उद्या भेटू!"

"ऊन?" अवधूत म्हणाला. "मिताली, पेरू आपल्या पंधरा तास मागे आहे. तिथे आत्ता बुधवारची संध्याकाळ, सात वाजून गेलेत. ऊन कुठलं?"

 मितालीचं लक्ष उन्हाकडे नव्हतंच. ते तीन शब्द, मग थांबणं, मग पुन्हा तीन शब्द. मे महिन्यात नाशिकहून आजीचा व्हिडिओ कॉल आला होता, तेव्हा आजी असंच बोलली होती. "दमलेय गं," आजी म्हणाली आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. चार दिवसांनी आजी गेली. बाबा तिकडे गेले ते अजून परतीच्या विमानाच्या यादीत नंबर लागायची वाट बघत होते.

"ती आजारी आहे," मिताली म्हणाली. "आणि ती इथेच आहे. जवळ कुठेतरी."

"मग शोधू या!" प्रतीक्षा बादलीवरून पडता पडता वाचली.

सफरीचं रेकॉर्डिंग काका लगेच ग्रुपवर टाकायचे. अवधूतने ते पुन्हा लावलं. हॉर्न वाजला तेव्हा ट्रक त्यांच्या दोन नंबरच्या घरासमोर होता. त्यानंतर बाटल्यांचा खळखळाट मागून येत राहिला. हळू, मग जरा मोठा, आणि मग एकदम कानठळ्या बसवणारा. रोसाउराचं वाक्यही त्यात बुडालं.

"हॉर्नपासून दोन मिनिटं," अवधूत म्हणाला. "तेव्हा ट्रक तिच्या दारात होता. आता एका घराला ट्रक किती वेळ घेतो ते कळलं की झालं."

"मोज ना मग! तो बघ, पलीकडच्या बाजूने परत येतोय!"

अवधूत फाटकाशी धावला. फोनवर स्टॉपवॉच लावून त्याने पाच घरं मोजली. शंभर सेकंद.

"घराला वीस! म्हणजे दोन मिनिटांत सहा घरं. या बाजूला सगळे सम आकडे. दोन, चार, सहा..."

"चौदा!" तिघं एकदम म्हणाले.

"पण चौदाला तर प्रतापकाका राहतात," प्रतीक्षा म्हणाली. "आणि सुनीतीकाकू. ते कुठे स्पॅनिश बोलतात?"

मितालीला मात्र आठवलं. प्रतापकाकांच्या गोडाऊनमध्ये कोविड निघाल्यामुळे काका-काकू चौदा दिवस घरात बंद होते. गल्लीतल्या रिवाजाप्रमाणे आई त्यांना रोज संध्याकाळी डबे पाठवायची. फाटकावर ठेवायचे, बेल वाजवायची, मागे सरायचं. मिताली स्वतःच न्यायची. आणि डबे असायचे तीन! प्रतापकाकांनीच निरोप दिला होता, "मागची युनीवाली, युनिव्हर्सिटीत शिकणारी, मुलगीपण धरा."

"तिसरा डबा!" ती म्हणाली. "अवधूत, शनिवारी त्यातून काय आलं होतं?"

"लिंबाचं पान. रविवारी गमनट, ते निलगिरीचं टणक फळ. मंगळवारी सकाळी परत आला त्यात कागदाची होडी. आई म्हणाली पण, ही कोण पोरगी, आपल्यासारखीच रिकामा डबा परत करत नाही."

"आणि रोसाउरानेही सांगितलं होतं ना! सांता मेलानियात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर झाडाचं पान तरी."

"काल आणि आज?"

"काल रिकामा. आजही रिकामा. अगदी घासून-पुसून."

प्रतीक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "मग डबा खातंय कोण?"

मितालीने आईला फोन लावला. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रोज हजारो स्वॅब यायचे आणि आत फोन नेता यायचा नाही. फोन वाजून बंद झाला. मग तिने चंद्रहासकाकांना लावला. ते जवळच्याच गिरावीन उपनगरात राहायचे.

"काका, रोसाउराचा नंबर हवाय."

"कशाला गं? इंटरनॅशनल कॉल होईल तो!"

"काका, प्लीज, वाचून दाखवा ना."

"घे. प्लस सहा एक, चार..." काका थांबले. "अरेच्चा!"

"सहा एक म्हणजे ऑस्ट्रेलिया, काका. हा इथलाच मोबाइल आहे."

"मला... फोटो अमेझॉनचे होते, म्हणून मी समजलो..." काकांचा आवाज बारीक झाला. "ती कधी म्हणाली नव्हती खरं. पोस्टर मीच केलं."

मितालीने नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

मितालीने मास्क लावला. जाता जाता आईच्या कपाटातून एक छोटं खोकं काढून खिशात टाकलं. प्रतीक्षाच्या बाबांची मीटिंग चालू होती. लॉकडाऊनमध्ये व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. दारातूनच तिने "एक्सरसाइज!" म्हणून ओरडून सांगितलं आणि तीही निघाली.

चौदा नंबरच्या फाटकावर तिघं थांबली. प्रतापकाका ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"काका, मागच्या घरात कोण राहतं?" अवधूतने विचारलं.

"ग्रॅनी फ्लॅटमध्ये? युनीची मुलगी आहे एक. का रे?"

"नाव काय तिचं?"

"नाव... रोझी का रीटा असं काहीतरी. पैसे ऑनलाइन येतात, नावाशी काय काम? आणि ती नाहीये आता. मैत्रिणीकडे गेलीय."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? मंगळवारी रात्री तिचा डबा दारातच पडला होता. कालही तसाच. म्हणजे गेलीच ना?"

"मग डबे रिकामे कसे आले?" अवधूतने विचारलं.

काका जरा चुळबुळले. "अन्न वाया घालवायचं का? मी खाल्लं. तुझ्या आईची वांग्याची भाजी छान होती, सांग तिला."

"काका, ती आत आहे. आजारी आहे. एकदा दार वाजवून बघा ना!"

"हे बघ बेटा, मी आयसोलेशनमध्ये आहे. दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, रूल म्हणजे रूल. आणि सांगितलं ना, घर रिकामं आहे! जा घरी, नो वरीज."

अवधूतचे कान लाल झाले. पण मितालीने त्याचा हात धरला. तिने फोन काढला आणि शांतपणे म्हणाली, "काका, एक मिनिट गप्प बसाल? अगदी एकच मिनिट."

"हे काय आता?"

"फक्त ऐका."

तिने तोच नंबर पुन्हा फिरवला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सेकंदभर काहीच झालं नाही. मग घराच्या मागून, लिंबाच्या झाडापलीकडून, फोन वाजू लागला. वाजत राहिला.

प्रतापकाकांच्या हातातला पेपर खाली आला. "फोन विसरून गेली असेल," ते म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही.

"रोसाउरा!" प्रतीक्षाने सगळा जीव एकवटून हाक मारली. "आर यू देअर? नॉक! प्लीज नॉक!"

आतून टक् असा आवाज आला. बराच वेळ गेला. पुन्हा टक्.

"अहो!" घरातून सुनीतीकाकू धावत बाहेर आल्या. त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. "तुम्ही म्हणालात ती गेली म्हणून! दोन दिवस मी त्या दाराकडे फिरकले नाही!"

"काकू, मास्क लावा, दोन लावा!" मितालीने खोकं फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरली. "यात ऑक्सिमीटर आहे. सेल आत आहेत. तिच्या बोटाला लावा आणि आकडा मला ओरडून सांगा."

तो ऑक्सिमीटर आजीसाठी घेतलेला होता. पार्सल करायचं राहून गेलं होतं. खोक्यावर आईच्या अक्षरातला नाशिकचा पत्ता तसाच होता.

काकू मागे पळाल्या. दार सरकल्याचा आवाज आला. मग काकूंचा कापरा आवाज, "चौऱ्याऐंशी! मिताली, चौऱ्याऐंशी दाखवतंय! ओठ निळसर झालेत!"

मितालीने ट्रिपल झिरो, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर, लावला. एकेक गोष्ट ती स्पष्ट सांगत गेली. पत्ता, मागचं घर, वय विशीतलं, ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, एका श्वासात तीन शब्द, बहुधा मंगळवारपासून पोटात काही नाही. पलीकडच्या बाईने एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

"अवधूत, तू कोपऱ्यावर उभा राहा, हात कर त्यांना!"

तो केव्हाच पळाला होता.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ काकू आतून सांगत राहिल्या. ती नको म्हणतेय. हॉस्पिटल नको म्हणतेय. तिचे वडील गेल्या वर्षी दवाखान्यात गेले, तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर संपले, ते परत आलेच नाहीत. आणि ती सारखं सॉरी म्हणतेय, माझ्यामुळे तुम्हाला झालं असेल म्हणून.

"तिला सांगा, इथे सिलिंडर आहेत!" मिताली ओरडली.  "सांगा की आम्ही तिचं नाव घेऊन विचारणार आहोत. रोज!"

निळ्या गाऊनमधली दोन माणसं रोसाउराला घेऊन गेली. मास्कमागे फक्त तिचे डोळे दिसले. तिने मुलांना पहिल्यांदाच पाहिलं. स्ट्रेचरवरून तिची दोन बोटं हलली.

प्रतापकाका ओसरीवरच बसून होते. "मला वाटलं..." ते म्हणाले. सुनीतीकाकू त्यांच्याकडे न बघताच आत गेल्या.

संध्याकाळी आई घरी आली, कपडे बदलले, हात धुतले आणि सगळं नीट विचारून घेतलं. ट्रक, वीस सेकंद, डबा, फोन. शेवटी खोक्याबद्दल कळल्यावर ती ओट्याकडे वळली.

"आमच्या लॅबमध्ये दिवसभर आकडेच असतात," ती म्हणाली. "आकड्यामागे माणूस आहे, हे विसरायला होतं. तुम्ही विसरला नाहीत. शाबास."

मिताली म्हणाली, "आजीच्या वेळी पण मोजायला हवं होतं."

"हो," आई म्हणाली. तिने दुसरं काही सांगून तिची समजूत घातली नाही. नुसतं जवळ घेतलं.

पुढचे बारा दिवस मिताली रोज हॉस्पिटलला फोन करून रोसाउराचं नाव घेऊन विचारत होती. पहिले चार दिवस उत्तर एकच होतं, अजून सांगता येत नाही. पाचव्या दिवशी नर्स म्हणाली, "तिने टोस्ट मागितला." कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकच आरडाओरडा झाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर थोडी बंधनं उठली. त्या शनिवारी चौदा नंबरच्या फाटकाशी गल्लीतली माणसं अंतर ठेवून उभी होती. रोसाउरा लिंबाखाली खुर्चीवर बसली होती, बारीक झालेली, खांद्यावर सुनीतीकाकूंची शाल. चंद्रहासकाका गिरावीनहून नवं पोस्टर घेऊन आले होते: थेट क्वेकर्स हिलहून, चौदा नंबर, मागचं घर.

"मी न विचारताच छापलं होतं," ते मुलांकडे वळून म्हणाले. "तुम्ही विचारलंत. मंडळातर्फे तुमचं अभिनंदन, आणि माझ्यातर्फे माफी."

"काका, या वेळी पत्ता बरोबर आहे ना?" प्रतीक्षाने विचारलं, आणि काकांसकट सगळे हसले.

रोसाउराने मितालीला जवळ बोलावून तिसरा डबा तिच्या हातात दिला. मितालीने झाकण उघडलं. आत लिंबाच्या पानावर आजीचा ऑक्सिमीटर होता, पुसून स्वच्छ केलेला.

"आता सफर," रोसाउरा म्हणाली. बोलताना ती अजून मधेच थांबत होती. "पण पहिला नियम मीच मोडला होता. इथे उतरले तेव्हा कुणालाच नाव सांगितलं नाही."

प्रतापकाका सगळ्यांच्या मागे उभे होते. ते पुढे आले. फाटकापाशी येऊन त्यांनी मास्क नीट केला आणि एखाद्या शाळकरी मुलासारखे ताठ उभे राहिले.

"माझं नाव प्रताप," ते म्हणाले. "मी पुढच्या घरात राहतो."

"मी रोसाउरा," ती म्हणाली. "उद्या तुम्ही दिसला नाहीत, तर मी विचारेन."