अर्थिंगचा खड्डा

लासुर्ण्याला मी गेले होते ते धाकट्या बहिणीच्या, कौसल्येच्या शुश्रूषेसाठी. तिची फुप्फुसे निकामी होत आली होती. प्राणवायूचे यंत्र अहोरात्र उशाशी चाले. नाकात नळी, आणि त्या नळीवर सारा जीव.

त्या दुपारी मी शेजारी हिंदुरावांकडे निघाले. ते कौसल्येच्या दिवंगत यजमानांचे, रामहरीरावांचे, चुलत बंधू. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी एकदम बंद झाल्या की घरातला विजेचा दाब चढतो, हे तिथे पोरेसोरेही जाणतात. पण आमच्याकडे तो अवेळी चढे. दिवे पांढरेफटक होत, यंत्र कर्कश कण्हू लागे आणि कौसल्येचे ओठ निळे पडत. वायरमनने अर्थिंगला, म्हणजे घरची तार जिथे जमिनीत उतरते त्या खड्ड्यात, पाणी घालण्यास सांगितले होते. ते मी नेमाने घालत असे. मात्र जितके अधिक घालावे, तितका दाब अधिकच चढे. माझा संशय हिंदुरावांच्या मोटारीवर होता, आणि तो मी स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला.

त्यांनी चहा दिला. मोटार जळून दुरुस्तीला गेल्याचे सांगितले. माझा विश्वास बसेना, तेव्हा विहिरीवरचा रिकामा चौथराही दाखवला. मग बशीकडे पाहत हळूच म्हणाले,

"अक्का, अर्थिंगची जागा कुणी दावली, ठावं हाय का?"

"वायरमनने."

"न्हाय. वैनींनी. दादाची रक्षा पुरून आंबा लावला हुता, तितं. आंबा वाळला, खड्डा मोकळाच. अर्थिंगला कोळसा लागतोय. वायरमन आनाय निघाला, तर वैनी म्हनल्या, कशाला... हाय की त्यात."

रक्षा नदीत न सोडता रानात पुरण्याची रीत मला मान्यच आहे. पण त्या रक्षेवर तांब्याची पट्टी ठेवून तिची तार घरात आणणे...

घरी येऊन मी कौसल्येला जाब विचारला. तिने डोळे उघडले नाहीत.

"शेवटी त्यांना दम पुरला न्हाय गं, अक्का..." ती मंद हसली. "तू पाणी घालतेस ना, तवा जवळ येत्यात."

तेवढ्यात दिवे पांढरे झाले. खोलीत ओल्या राखेचा वास पसरला. मी वेळ दवडला नाही. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरची नळी तिच्या नाकाला लावली, मुख्य खटका पाडला, यंत्राची पिन ओढून काढली. सारे शांत झाले. कौसल्येचा श्वास लयीत आला, तेव्हा मला हायसे वाटले.

तिच्या नाकातून काढलेली यंत्राची नळी जमिनीवर लोळत होती. गुंडाळून ठेवावी म्हणून मी ती उचलली. पारदर्शक नळीत आतून वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. एक टोक बंद यंत्रात, दुसरे माझ्या मुठीत.

कौसल्येच्या श्वासाबरोबरच वाफ धरते आहे, असे मला आधी वाटले. मी खिडकी उघडली आणि उजेडात नीट पाहिले.

वाफ दर वेळी आधी धरत होती. कौसल्येची छाती त्यानंतर हलत होती.