घाईबाईंचा प्रश्न

"बरं झालं आलात. कागद अडकलाय. तुम्ही दुरुस्तीवाले ना? हो, तुम्हीच," भाषेच्या बाई एका दमात म्हणाल्या.

झेरॉक्सच्या खोलीच्या दारातल्या उंच माणसाने काही सांगायला तोंड उघडलं, मिटलं, हातातलं खोकं खाली ठेवलं आणि बाह्या सरसावून मशीनमध्ये हात घातला. चुरगळलेला कागद निघाला, मनगटाला शाई लागली. तोवर बाई आभार मानून पळाल्यासुद्धा.

पुढच्या तासाला तोच माणूस खोक्यासकट सातवीच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला. ते शिक्षक मदत केंद्राचे सर होते. भाषेच्या शिक्षकांना गोष्टी, चित्रं, शब्दांची कार्डं आणून द्यायची, त्यांचे वर्ग बघायचे, अडेल तिथे हात द्यायचा, हे त्यांचं काम. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मघाशी सांगितलं का नाहीत?" तास संपल्यावर त्यांनी विचारलं. "अर्थात, मी बोलू दिलं तर ना."

"बघा, हेही उत्तर तुम्हीच दिलंत," सर म्हणाले. ओठ गंभीर होते, डोळे मात्र हसत होते.

दुखणं नेमकं तिथेच होतं. म्हणायला बाई, वयाने तशी पोरच. पण प्रश्न विचारला रे विचारला की उत्तरही त्याच देऊन मोकळ्या. मुलं बापडी तोंड उघडेपर्यंत ते फळ्यावर उमटलेलं असायचं. वर्गाने त्यांचं नावच घाईबाई ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते चपखल होतं.

"प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं," सर म्हणाले. "एक श्वास आत, एक बाहेर. मग आणखी एक. मुलं शब्द शोधत असतात हो."

"आणि कुणीच बोललं नाही तर?"

"तर… आणखी एक श्वास."

सर दर बुधवारी येऊ लागले. शाळा सुटल्यावर दोघं खिडकीपाशी शब्दांची कार्डं कापत बसायचे. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकत जायची, कात्री घेताना बोटं बोटांना लागायची आणि दोघंही उगाचच कागदाकडे बघायचे. बाई प्रेमात पडल्या होत्या, हे आता वेगळं सांगायला नको. पण निघताना म्हणायच्या काय? "चहा घेणार? नको, तुम्हाला उशीर होत असेल." की सर निघाले बिनचहाचे.

"प्रश्न तुझा, उत्तरही तुझंच," घरी आत्या म्हणाली. "तुला नवरा कशाला हवा गं? आरसा पुरे."

मग एका बुधवारी कार्डं कापता कापता सर म्हणाले, "मुख्य केंद्राने बोलावलंय. दुसऱ्या शहरात. पुस्तकं तयार करायचं काम आहे. पुढच्या आठवड्यात कळवायचंय, जातो की नाही ते…"

"जाणारच ना तुम्ही? जायलाच हवं. एवढी चांगली संधी," बाई म्हणाल्या.

सरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, खोक्याचं झाकण लावलं आणि ते गेले. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी सर शेवटच्या बाकावर होते. वर्गात गोष्ट चालली होती. घर सोडून गेलेली एक मुलगी खूप वर्षांनी परत येते, आणि दारासमोर नुसतीच उभी राहते.

"ती दार का वाजवत नाही?" बाईंनी विचारलं.

वर्ग गप्प. बाईंनी खडू मुठीत आवळला. एक श्वास आत, एक बाहेर. मग आणखी एक. कोपऱ्यातली, वर्षभरात चकार शब्द न काढलेली मुलगी हळूच उठली.

"मला वाटतं… ती घाबरलीय. दार वाजवलं आणि कुणी उघडलंच नाही तर? त्यापेक्षा घरात कुणी नाही असं आपणच समजायचं. ते बरं वाटतं."

पोरीने बाईंचंच दुखणं भर वर्गात वाचून दाखवलं होतं. त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. सर त्यांच्याकडेच बघत होते.

शाळा सुटल्यावर सर झेरॉक्सच्या खोलीत सापडले. खोकं भरत होते.

"कळवलंत का केंद्राला?" 'कळवलंच असेल,' हे शब्द बाईंनी कसेबसे गिळले.

"अजून नाही."

"नका जाऊ असं मी म्हटलं… तर थांबाल?"

'नाही, असू दे, मी आपलं सहज विचारलं,' हे जिभेच्या अगदी टोकावर आलं. बाईंनी दातांनी ओठ धरला. एक श्वास आत, एक बाहेर. मशीन घरघरत होतं. सरांनी झाकण लावलं, पुन्हा काढलं. आणखी एक श्वास. एवढी लांब शांतता बाईंनी जन्मात सोसली नव्हती.

"हो," सर म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले, पण स्वभाव कुठे जातो?

"पूर्ण वाक्यात सांगा."

सर हसले. "मी थांबेन, कारण…" आणि अडले. शाळाशाळांतून खोकी भरभरून शब्द वाटणारा माणूस, त्याच्याकडे नेमका हाच शब्द नव्हता. कान मात्र लाल झाले होते.

ते उत्तर बाईंना आधीच कळलं होतं. पण या खेपेला त्यांनी रिकामी जागा भरली नाही. घरघरणारं मशीन बंद केलं, स्टूल जवळ ओढलं आणि वाट बघत बसल्या.