ऐन चढावर

गाडी आचके देत पुन्हा थांबली, तीही ऐन चढावर.

"झालं," म्हणत मामा बॉनेट उघडायला उतरला.

मागच्या सीटवरून ताई, ढापण्या आणि चिंगी ही त्याची भाचरंही उतरली. सुट्टीसाठी ती विमानाने इतक्या दूरच्या देशात आली होती आणि आल्यापासून निम्मा वेळ या गाडीभोवती ताटकळत होती. गाडी ब्रिटिश, मामाच्याही जन्माआधीची. तिचा एखादा भाग हवा असला, तर तो बोटीने येईपर्यंत महिने जात. मेकॅनिकने प्लग बदलले, वायरी बदलल्या, शेवटी "इंजिनच थकलंय" म्हणून हात टेकले. उद्या भंगारवाला तिला न्यायला येणार होता.

पण आज मामीला वरच्या गावात पोचायचंच होतं. ती नर्स होती. तिथे एक बाई बाळंतपणात अडली होती आणि दुसरी कुठलीच गाडी मिळाली नव्हती. बॅग छातीशी धरून मामी रस्त्यावर येरझारा घालत होती.

"अजून किती वेळ?"

"थोडी थांबली की होते सुरू. मग परत तेच," मामा बॉनेटखालून म्हणाला.

ढापण्याने चष्मा वर सरकवला. "ताई, थकलेलं इंजिन विश्रांती घेऊन पळतं का? ते काय माणूस आहे?"

"तापत असेल."

"काटा बघितला मी. तापलेलं नाहीये."

धाकटी चिंगी मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. "इथे कोणीतरी श्वास घेतंय," ती म्हणाली.

"चिंगे, आता तुझी भुतं नकोत हं."

"भूत नाही गं, ऐक ना."

ताईने कान लावला. पेट्रोलच्या झाकणाशी बारीकशी शिट्टी वाजत होती. झाकण नवंकोरं, चकचकीत, त्या गाडीला मुळीच न शोभणारं.

"मामा, हे झाकण कधी बसवलंस?"

"मागच्या महिन्यात. जुन्याला भोक होतं, वासाने मामीला मळमळायचं. हे कसं घट्ट बसतं. आता मध्ये मध्ये करू नका."

"भोक," ढापण्या पुटपुटला. त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तोंड न काढता पाणी ओढत राहिला. बाटली चेपली, पाणी यायचं थांबलं. तोंड काढताच ती फटकन फुगली. त्याने ताईकडे पाहिलं, ताईने त्याच्याकडे. टाकीत हवा शिरायला पुरेशी वाटच नसेल, तर पेट्रोल बाहेर कसं येणार? गाडी थांबली की हवा हळूहळू आत झिरपत असणार, म्हणूनच ती पुन्हा सुरू व्हायची.

"मामा, टाकीत हवा..."

"अगं, काम करू दे मला. वर्षानुवर्षं चालवतोय मी ही गाडी."

ताईने मामीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि झाकण फिरवलं. सुंss करून हवा आत ओढली गेली.

"मामा, आता चावी फिरव."

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"बघितलंत? पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला टोले दिले ना मी," मामा खुशीत म्हणाला. ताईने झाकण नुसतं टेकवलं, पुरतं आवळलं नाही आणि आत येऊन बसली.

वाटेत इंजिनाचा आवाज जरा बदलला की चिंगी ताईचा हात दाबायची. एक वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी कुठेही न अडखळता गावात पोचली आणि मामी धावतच एका घरात शिरली.

"मामा, झाकण मी सैलच ठेवलंय," ताई म्हणाली.

मामा रागावणार होता. पण ढापण्याने त्याच्यासमोर पुन्हा बाटली चेपून दाखवली, तेव्हा तो पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे इंजिन ठणठणीत आणि त्याचा गळा मीच आवळत होतो." त्याने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. मुलं अंगणात बसत होती, उठत होती. शेवटी आतून रडण्याचा आवाज आला आणि एक म्हातारे आजोबा डोळे पुसत बाहेर आले.

"नात झाली. दोघी सुखरूप आहेत. नर्सबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं." त्यांनी मामाचे हात धरले. "तुम्हीच आणलंत ना त्यांना?"

मामाने हात हळूच सोडवून घेतले आणि तिन्ही भाचरांना पुढे केलं.

"चालवली मी," तो म्हणाला. "आणलं यांनी."