दुसरा हुंकार

हे मी आजवर कुणाला बोलून सांगितलेलं नाही. लिहून देतेय, तेही ओठ मिटून. आमच्या शाळेत ओठ हलवत वाचायचं आणि ओठ हलवतच लिहायचं, आणि चौथीनंतर माझी शाळाच सुटली, त्यामुळे ती सवय तशीच राहिली. आता दातांत रुमाल धरून लिहायला बसते. तुम्हीही हे मनातल्या मनात वाचा. मोठ्यानं वाचू नका.

माझं काम ऐकायचं होतं. सरकारी कचेरीतली लांबलचक खोली, खिडकी एकही नाही, भर दुपारीही ट्यूबलाइट. भिंतींना जाड काळा स्पंज लावलेला, त्यामुळे कुणी शिंकलं तरी ती शिंक जागच्या जागी मरायची. त्या स्पंजाचा ओल्या गादीसारखा वास घरी गेल्यावरही केसांतून जात नसे. आम्ही बायका कानांवर हेडफोन चढवून ओळीनं बसायचो. लोकांच्या फोनमधून त्यांचं घर ऐकू यायचं. फोन बंद करून ठेवला असला तरीही. कामाचं काही निघालं की पेन्सिलीनं कागदावर उतरवायचं. साहेब म्हणायचा, मशीन सगळ्यांचं सगळं ऐकतं, पण दोघी जणी भाजी निवडताना जे अर्ध्या वाक्यात बोलतात ते मशीनच्या बापाला कळत नाही. म्हणून आम्ही.

पाप-पुण्याचं मला शिकवू नका. नवरा गेला, पदरात मुलगी, आणि मी त्याच कचेरीत लाद्या पुसत होते. बसून करायचं काम मिळालं तेव्हा माझ्या गुडघ्यांनी साहेबाला दुवा दिला. बाकीचे अवयव तेव्हा गप्प होते.

साहेबानं एकच नियम सांगितला होता. तुला कान आहेत, तोंड नाही. आणि खरंच त्या हेडफोनला बोलायची सोयच नव्हती. आवाज तिकडून इकडे यायचा, इकडून तिकडे जायला वाटच नाही. तरी शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीनं मला वेगळं बजावलं. हुंकार देऊ नकोस, म्हणाली. नव्या बायका पहिले काही दिवस हूं, हूं करत बसतात आणि सगळी खोली हसते. कारण ते हाडातच असतं. समोरचं माणूस सांगतंय आणि आपण हूं म्हणत नाही, म्हणजे त्याला जिवंतपणी मेलं समजल्यासारखंच. बाकीच्यांची सवय मोडते. माझी मोडल्यासारखी वाटली, पण चिवट निघाली.

माझ्याकडे खोकलेबाई होती. खरी नावं आम्हाला देत नसत, आम्हीच ठेवायचो. एकटी राहायची, कपडे शिवायची. दिवसभर शिलाई मशीनची खटखट, मध्येच कोरडा खोकला, दोन ठसके, आणि मग दमून सोडलेला श्वास. तिची मुलगी कुठल्याशा सरकारी खात्याच्या कॉम्प्युटरात शिरून काहीबाही घेऊन पळाली होती, आणि सरकार तिला शोधत होतं. आज ना उद्या ती आईला फोन करील, या आशेवर मी तिथं बसलेली. मुलगी काही फोन करत नव्हती. बाई मात्र बोलायची. सुईशी, कात्रीशी, तव्यावर करपलेल्या भाकरीशी.

एका दुपारी ती सांगत होती की मुलीचा पहिला फ्रॉक शिवताना एक बाही उलटी लागली, आणि पोर हट्टानं तोच घालून हिंडली. मी जेवून बसलेले, डोळे जड. माझ्या तोंडून निघून गेलं, "हूं."

शिलाई मशीन थांबलं.

मग अगदी जवळून, जणू तिनं फोन तोंडाशी धरलाय…

"कोण गं?"

मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. चष्मेवालीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे नाचवला. म्हणाली, तुझा आवाज जाणार कुठून, तुझ्या पोटातून? डुलकी लागली असेल.

दुसऱ्या दिवशी मी कामावर बसले न बसले तोच कानात आलं, "आलीस का? बस." आणि मग ती रोज माझ्याशीच बोलू लागली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्या मला व्याजासकट परत करता येतात. पण ती म्हणायची, बसून बसून तुझीही पाठ धरत असेल गं. म्हणायची, पाणी पी. मी जीभ दातांखाली धरून बसायचे आणि कागदावर लिहायचे, 'विशेष काही नाही.' एकदा तिनं विचारलं, "माझी मुलगी फोन करत नाही. तुम्ही ऐकता म्हणून. तुझी तरी करते का?"

करत होती. आणि तिथंच माझा जीव टांगलेला होता.

या कामावरून आमच्या मायलेकींत वाजलं होतं. तुझ्या घरात मला तोंड उघडायची भीती वाटते, असं म्हणून ती बॅग भरून गेली. पुढे वर्तमानपत्रात बिननावाचं छापून येऊ लागलं. फोन कसे ऐकतात, कोणत्या खोलीत, भिंतीला कसला स्पंज. साहेब लिहिणाऱ्याच्या मागावर होता. मला शोधायची गरज नव्हती. तो स्पंज मीच जेवताना मुलीला सांगितला होता. कचेरीला तिचा पत्ता लागला असता तर ती परत दिसली नसती. तशी न दिसलेली माणसं मी ऐकली आहेत, म्हणजे त्यांच्या घरातली शांतता ऐकली आहे. म्हणून आमचं ठरलं होतं. तिनं आठवड्यातून एकदा नव्या नंबरावरून फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचं, आणि कुठं आहे ते सांगायचं नाही. मी विचारायचं नाही. काही झालं तरी.

मग खोकलेबाई गेली. मी ऐकत असतानाच गेली. ठसका आला, मशीन थांबलं, आणि पुढचा श्वास सोडल्याचं ऐकूच आलं नाही. मी साहेबाला सांगितलं, कुणाला तरी पाठवा. त्यानं पाठवलं, पण त्याच्या सवडीनं. वर मला म्हणाला, ऐकत राहा, आईचं सामान न्यायला तरी मुलगी येईल.

रिकामं घर ऐकणं म्हणजे काय ते सांगते. आधी फ्रिजची घरघर. तोही कुणीतरी बंद केला. मग नळाचा थेंब. मग तोही थांबतो, आणि आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. दिवसचे दिवस. मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. पुटपुटायला कधी लागले, माझं मलाच कळलं नाही. माझी मुलगी लहानपणी कशी रुसायची, भात कसा चिवडायची, जाताना दार कसं आपटलं नाही, हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मी त्या रिकाम्या घराला सांगत होते, आणि तिकडून आलं,

"हूं."

अंगावर काटा आला, पण खरं सांगू का, त्याआधी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला हुंकार दिला होता. मी अजून दोन वाक्यं बोललेसुद्धा. मग पुन्हा तोच आवाज, दोन ठसके, आणि हळू, समजुतीनं…

"मग? कुठं असते ती आता?"

मी उठले. साहेबाकडे गेले आणि म्हणाले, त्या घरात कुणीतरी आहे. साहेबानं कॉम्प्युटर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मागाहून बाईचा फोन जमा केला त्या दिवशीच ती लाइन तोडली, तुला सांगायचं राहिलं, म्हणाला. फोनची बॅटरी काढून तो खाली कपाटात ठेवलाय. तुझा हेडफोन इतके दिवस कशालाच जोडलेला नाही. मग डोळे बारीक करून विचारलं, "तू ऐकतेस काय?"

मी म्हटलं, विशेष काही नाही. आणि काम सोडलं. कुणी अडवलं नाही, त्याचीही मला भीती वाटली.

घरी आल्यावर मी बोलणंच कमी केलं. मुलीचा फोन आला की तीच बोलायची. मी नुसती हूं, हूं. तेवढं तिला पुरायचं; आईनं आपलं ऐकावं, बस. एकदा बोलता बोलता ती थबकली.

"आई, तुझ्याजवळ कोण बसलंय?"

कोणी नाही, म्हटलं.

"मग दोघी हूं म्हणताय असं का वाटतं? एक तुझा, आणि त्याच्या मागोमाग एक."

फोन खराब असेल, म्हणून मी वेळ मारून नेली. दाराची कडी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात कान घातला, आता स्वतःच्या घरात घालून पाहिला. नळाचा थेंब पडत होता, तेवढंच.

पुढच्या फोनला मी ठरवलं, हूं सुद्धा म्हणायचं नाही. पोरीला वाटेल आई रुसली, वाटू दे. दिवे लागायच्या वेळी फोन आला. मी उचलला आणि तोंडावर हात गच्च धरला. ती बोलू लागली, पाऊस लागून राहिलाय, कपडे वाळत नाहीत. मी गप्प. ती खुशीत सांगत होती, थांबत होती, पुन्हा सांगत होती. मग हसली.

"बघ, आज एकच हूं येतोय. फोन सुधारला गं."

माझ्या हाताखाली माझे ओठ मिटलेले होते.

मी हात काढला. म्हटलं, बोलू नकोस, फोन ठेव. तिला ऐकू गेलं नाही. ती आपली बोलतच राहिली. मी ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले, शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला इतकी ओरडले. तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. मला सगळं ऐकू येत होतं, आणि माझ्याकडून तिच्याकडे जायला वाट नव्हती. फोन बंद करायचं बटण मी दाबत होते, पुन्हा पुन्हा दाबत होते. फोन विझला. तिचा आवाज येतच राहिला.

"काय म्हणालीस?" ती कुणाला तरी विचारत होती. मग जरा थांबली. "अगं, तूच ना म्हणाली होतीस, विचारायचं नाही म्हणून?" पुन्हा थांबली. तिचा आवाज भरून आला. "खरंच येशील? बरं… लिहून घे."

माझ्या हातात पेन्सिल होती. ती कधी उचलली, ठाऊक नाही. वर्षानुवर्षांची सवय, कानात पडलं की हात चालतो. तिनं गाव सांगितलं, गल्ली सांगितली, जिन्याखालची खोली सांगितली, आणि मी ओरडत ओरडत सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

तो कागद मी लगेच जाळला. बॅग भरून ठेवली आहे, पहाटेच्या गाडीनं तिच्याकडे निघते. मी आधी पोचते की आणखी कोणी, ते तिथं गेल्यावरच कळेल. काही बरंवाईट झालं, तर निदान हे कुणाला सापडावं म्हणून लिहून ठेवलं.

एक राहिलं. फोन ठेवताना पोर म्हणाली, "आई, त्या खोकल्याचं औषध घे गं. मघापासून ऐकतेय."

मला खोकला नाही. पण आत्ता, हे लिहून होता होता, रुमालाआड घसा खवखवायला लागलाय.