दोन नंबरचं मशीन

धाकट्या लेकीचं लग्न तोंडाला फडकी बांधून नऊ माणसांत उरकलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लेक सासरी गेली आणि महिन्याभरात रस्ते पुन्हा ओस पडले. घरात ऑपरेटर, त्यांची बायको आणि थोरला मुलगा अशी तीन माणसं उरली. चौथा टीव्ही.

सगळी गल्ली त्यांना ऑपरेटरच म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी थिएटरच्या केबिनमधून लोकांना सिनेमे दाखवले, पण स्वतः एकही धड पाहिला नव्हता. आता थोरल्याने टीव्हीवर मालिकांचं दुकानच उघडून दिलं होतं. एका बेटावरच्या डॉक्टरच्या कुटुंबाची मालिका बायकोला फार आवडली. ती पदराने डोळे पुसायची आणि हे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघत बसायचे.

"अहो, ती बिचारी मघापासून रडतेय. तुम्ही तिथे कोपऱ्यात काय शोधताय?"

"सवय गं."

"जळली मेली ती सवय. माझ्याकडे तरी कधी सरळ बघितलंत?"

त्या सवयीचं कारण असं. पूर्वी सिनेमा रिळांतून यायचा. केबिनमध्ये दोन मशीनं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका उमटे. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की एक नंबरवरचा माणूस "हं!" म्हणे आणि आपलं भिंगासमोरचं शटर पाडे. दोन नंबरवरचा हात वर करून आपलं उघडे आणि म्हणे, "घेतलं." चित्र तसंच पुढे जाई. खाली बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नसे. चुकलं, तर पडदा पांढराफटक आणि थिएटरभर शिट्ट्या.

एक नंबरवर कायम ऑपरेटर होते. दोन नंबरवर जोडीदार. तो आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहत होता. बायको नाही, पोर नाही, जिभेला हाड नाही. रोज दुपारी तीनला दोघं आपापल्या घरी एकच सिनेमा लावत आणि मधे फोन उघडा ठेवत. ऑपरेटरांची बायको या कार्यक्रमाला मॅटिनी म्हणायची.

"वहिनी, उस्ताद झोपला का बघा," फोनमधून आवाज यायचा. "घोरण्याचा ट्रॅक ऐकू येतोय."

"झोपले नाहीत भावजी. कोपऱ्याकडे बघताहेत."

जून महिन्यात एका दुपारी बेटावरच्या डॉक्टरचा म्हातारा बाप खुर्चीत बसला होता, खिडकीतून समुद्र दिसत होता. तेव्हा वर, उजवीकडे, ठिपका उमटला.

ऑपरेटर ताडकन उभे राहिले. हात आपोआप वर गेला. आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. भिंतीपलीकडे राहणारा चष्मेवाला सकाळपासून खोकत होता. तो खोकला कात्रीने कापल्यासारखा थांबला.

थोरल्याने चित्र मागे नेऊन तीनदा दाखवलं. म्हातारा होता, समुद्र होता. ठिपका नव्हता.

"बाबा, यात रीळच नसतं. ठिपका येणार कुठून?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांचा," बायको म्हणाली. "शेजारी जाऊन दाखवून या."

संध्याकाळी चष्मेवाल्याला चादरीत गुंडाळून खाली नेलं.

ऑपरेटरांनी मनाची समजूत घातली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण तीन आठवड्यांनी ते गॅलरीच्या दारात उभे होते. टीव्ही बंद होता. खाली इमारतीच्या राखणदाराला इस्पितळाच्या गाडीत घालत होते. तो हात हलवून "येतो, येतो" म्हणत होता. दाराच्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, मोकळ्या आभाळावर, ठिपका उमटला. कडा किंचित खरवडलेल्या, जशा रिळावर असायच्या तशाच. मग दुसरा. गाडीचं दार लागलं. राखणदार इस्पितळापर्यंतही पोचला नाही.

त्या दुपारी त्यांनी जोडीदाराला सगळं सांगितलं. नेहमीसारखी थट्टा आली नाही.

"मला कधीच दिसला नाही रे तो," जोडीदार म्हणाला. "मी तुझ्या 'हं'वर चालायचो. माझी नजर मशीनवर."

"मग आता काय करू?"

"गप्प बसायचं. दिसला तरी गप्प." तो हसला, पण हसू कोरडंच होतं. "'हं' मात्र म्हणू नकोस, उस्ताद. माझ्याकडे आता मशीन नाही. मी कशावर घेऊ?"

ऑगस्ट लागला आणि बायकोला ताप आला. पाचव्या दिवशी तिचा श्वास पायरी चढल्यासारखा तुटक व्हायला लागला. थोरला फोनवर फोन लावत होता, खाट कुठेच मोकळी नव्हती. शेवटी कुठे सिलिंडर मिळतो का बघायला तो गाडी काढून गेला. ऑपरेटरांनी तिची कॉट हॉलमध्ये, भिंतीला लावून घातली. तिच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र होतं. त्यातला आकडा ते सारखा बघत होते. ब्याऐंशी. एक्क्याऐंशी.

तीन वाजता तिने डोळे उघडले.

"लावा... तुमची मॅटिनी."

"आज नको."

"लावा. भावजींचा आवाज... बरा वाटतो. घर भरल्यासारखं."

त्यांनी सिनेमा लावला. फोन उघडा करून स्टुलावर ठेवला.

"वहिनी, तिकीट काढलंय ना?" जोडीदार म्हणाला. "नाहीतर मधल्या सुट्टीत बाहेर काढीन हं."

ती ओठांच्या कोपऱ्यातून हसली. मग हसायलाही श्वास पुरेना. डोळे मिटले. पडद्यावर कुणीतरी रेल्वेच्या डब्यात बसून पत्र वाचत होतं. पंचाहत्तर. एकाहत्तर. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं.

ऑपरेटरांनी ठरवलं, वर बघायचंच नाही. चाळीस वर्षांत केलं नाही ते आज करायचं. तिच्या तोंडाकडे सरळ बघायचं.

ते बघत राहिले. हनुवटीवरचा तीळ. कपाळावर चिकटलेले पांढरे केस.

आणि त्या चेहऱ्यामागच्या भिंतीवर, वर, उजवीकडे, ठिपका उमटला.

आठ सेकंद.

पुढे त्यांनी स्वतःला कितीदा तरी सांगितलं की तोंडातून आपसूक निघालं. चाळीस वर्षांची सवय, काय करणार. पण आठ सेकंद थोडे नसतात. तेवढ्यात केबिनमधला माणूस चहाचा घोट घेतो, कप खाली ठेवतो, हात पुसतो आणि मग मशीनला हात घालतो.

त्या आठ सेकंदांत त्यांनी एकदा फोनकडे बघितलं.

दुसरा ठिपका.

"हं!" ऑपरेटर ओरडले.

फोनमधून लगेच, जराही न अडखळता, आवाज आला.

"घेतलं."

तिने श्वास घेतला. खोल, घशात खरखरत. मग दुसरा. बोटावरचा आकडा काही वेळ हललाच नाही, मग एकेक करत चढायला लागला.

टीव्हीवर गाडी पुढे चालली होती. फोनमधूनही तीच गाडी ऐकू येत होती.

"जोडीदार," ऑपरेटर म्हणाले.

गाडी चालली होती.

"अरे, बोल की. शिव्या दे हवं तर."

गाडी स्टेशनात शिरली. पत्र वाचणारी बाई उतरली, तिच्या टाचा फलाटावर वाजल्या. दोन्ही घरांत एकाच वेळी. सिनेमा संपेपर्यंत ऑपरेटर फोन हातात धरून बसले होते.

थोरला सिलिंडर घेऊन आला, तेव्हा आई उठून उशीला टेकली होती. "पाणी दे रे," ती म्हणाली. "आणि बाबांना विचार, काय झालं. मघापासून माझ्याकडेच बघताहेत."

जोडीदाराचं दार दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी उघडलं. तो टीव्हीसमोर खुर्चीत होता. उजवा हात खांद्याएवढा वर उचललेला, मूठ मिटलेली. शेजारी म्हणाले, हात खाली घेताना फार जड गेलं. दोघांनी मिळून ओढला.

बायको त्यानंतर तीन वर्षं चांगली हिंडली-फिरली. भावजींची आठवण निघाली की ती म्हणायची, "शेवटच्या दिवशी माझ्याशी बोलले हो. किती हसवलं." ऑपरेटर मान हलवायचे आणि उठून आत जायचे.

जोडीदार त्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी चार वाजायच्या आत वारला. त्याला ताप नव्हता. खोकलाही नव्हता.